जुन्या जीपचे पाटे आणि स्टेअरिंग

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणा आणि त्याच्या आसपासचा मुलूख काळ्या कपाशीच्या जमिनीचा आहे. ही जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ता काही वर्षांतच जागोजागी खचतो किंवा उचलला जातो. अशा रस्त्यावर गाडीच्या इंजिनाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक परीक्षा तिच्या स्प्रिंगची आणि स्टेअरिंगची होते. अमेरिकेत १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून नावारूपाला आलेल्या ‘मसल कार’ या वर्गातील गाड्यांना दणकट इंजिन मिळाले, पण त्या मानाने त्यांचे स्टेअरिंग आणि सस्पेन्शन मागे राहिले, आणि म्हणून त्या सुधारण्याचा एक मोठा उद्योग तिकडे उभा राहिला. विदर्भातील गावांत त्याच प्रश्नाचे देशी रूप शोधायचे तर ते जुन्या जीपमध्ये सापडते.

१९४१ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी घडवलेली विलीज जीप, १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस भारतात आणली. तिच्या सीजे-३बी या अवताराचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर, अवघे ८० इंच होते. पुढे-मागे अखंड अॅक्सल आणि चारही कोपऱ्यांत पोलादी पाट्यांचा जुडगा, अशी तिची रचना होती. हा जुडगा दुहेरी काम करतो: तो वजन झेलतो आणि अॅक्सलला जागच्या जागी धरूनही ठेवतो. पाटे एकमेकांवर घासतात तेव्हा धक्क्याचा काही भाग त्या घर्षणातच जिरतो. मात्र चिखल आणि गंज साचून ते एकमेकांना चिकटले, की स्प्रिंग अकारण कडक होते आणि खड्ड्याचा हादरा थेट चॅसिसवर बसतो. यावरचा एक उपाय म्हणजे पॅराबोलिक पाटे. त्यांत मोजकेच पाटे असतात, ते मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते असतात, आणि केवळ मध्यभागी व टोकांशी टेकतात. घर्षण कमी झाल्याने गाडी मऊ चालते, परंतु त्याच कारणाने उसळी थोपवण्याचा सगळा भार शॉकअपवर येऊन पडतो, आणि तो भार जुना, गळका शॉकअप पेलू शकत नाही. शॉकअप धक्का शोषतो हा समज चुकीचा आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग, आणि बारीक छिद्रांतून तेल ढकलून तिचे वरखाली डुलणे थांबवतो तो शॉकअप.

स्टेअरिंगचा विषय याहून नाजूक आहे. सीजे-३बीमध्ये स्टेअरिंग बॉक्समधून निघालेली हालचाल ड्रॅग लिंक नावाच्या दांड्यातून मधल्या बेलक्रँककडे, तिथून दोन टायरॉडकडे आणि शेवटी चाकांकडे जाते. या साखळीतल्या प्रत्येक सांध्यात थोडी झीज झाली तरी तिची बेरीज होऊन हातातले चाक बरेच फिरवल्याशिवाय रस्त्यावरची चाके हलतच नाहीत. अशा गाडीला पॉवर स्टेअरिंग बसवण्याची घाई म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे. झीज ओळखण्याची रीत सोपी आहे: इंजिन बंद ठेवून एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली पाहून कोणता सांधा आधी हलतो व कोणता मागाहून, हे टिपावे. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. ते खडखडले, तर एकाने ब्रेक दाबून धरावा. खडखड थांबली तर चाकाचे बेअरिंग ढिले आहे, आणि तरीही राहिली तर दोष किंगपिनमध्ये, म्हणजे चाक ज्या उभ्या आसाभोवती वळते त्या आसात आहे.

स्टेअरिंग आणि सस्पेन्शन यांचा विचार वेगळा करता येत नाही, हे कॅस्टर या कोनावरून स्पष्ट होते. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो, तसा किंगपिनचा माथाही मागे कललेला असतो. त्यामुळे वळणानंतर चाक आपोआप सरळ होते. हा कल वाढवला की गाडी सरळ रेषेत स्थिर धावते, पण स्टेअरिंग जड होते, म्हणूनच हाताने फिरवायच्या जुन्या स्टेअरिंगच्या गाड्यांत तो कमी ठेवत असत. शिवाय कॅस्टरचे ते जुने आकडे त्या काळच्या नायलॉन टायरसाठी होते, आज रेडियल टायर चढवल्यावर सहसा अधिक कॅस्टर लागतो आणि तो पेलण्यासाठी पॉवर स्टेअरिंगचा खरा उपयोग होतो. जीप उंच दिसावी म्हणून लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणारी कडी) लावणारे याचा विचारच करत नाहीत. पाट्याचे एक टोक खाली गेले की अॅक्सल फिरतो आणि कॅस्टर बिघडतो. ड्रॅग लिंक तिरपी होते आणि खड्ड्यातून जाताना स्टेअरिंग न फिरवताही चाके वळतात. मग ठरावीक वेगाला पुढची चाके थरथरू लागतात आणि दोष मात्र टायर बॅलन्सिंगला दिला जातो.

अमेरिकेत १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये याच्या नेमके उलट करण्यात आले. ती ज्या मस्टँग गाडीवर बेतलेली होती, तिच्या पुढच्या वरच्या आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा) आधार साधारण एक इंच खाली घेऊन वळणावर टायर रस्त्याला नीट टेकेल अशी व्यवस्था करण्यात आली. एका इंचाचा तो फरक आजही हौशी लोक आपल्या गाडीत करून घेतात. उंचीच्या हव्यासापेक्षा कोनांचा हिशेब मोलाचा, हे त्यातून उघड होते.

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि तो वर्धा जिल्ह्यातून जातो. या मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत परवानगी असली, तरी आखूड व्हीलबेसची, अखंड अॅक्सलची जीप कितीही सुधारली तरी त्या वेगासाठी नाही. कायद्याचीही मर्यादा आहे: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर तिचे चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे लागते. म्हणून आधी बुश, किंगपिन, टायरॉड आणि पाटे नवे करावेत, मग चांगले शॉकअप घ्यावेत, आणि त्यानंतरही स्टेअरिंग जड वाटले तरच पॉवर स्टेअरिंगकडे वळावे. आणि तुटलेला टायरॉड किंवा पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक हलवणारा दांडा) कोणी वेल्डिंग करून देतो म्हणाला, तर त्या गॅरेजमधून गाडी परत आणावी.