साल काढली, मुळे फुटली

बोन्साय पाहणारा माणूस बहुधा आधी शेंड्याकडे पाहतो. जाणकाराची नजर बुंध्याच्या पायथ्याशी जाते. मातीलगत चहूबाजूंना पसरलेल्या मुळांना जपानी भाषेत ‘नेबारी’ म्हणतात. ही मुळे सर्व बाजूंनी सारखी असली, तर वीतभर झाडही जुन्या वृक्षासारखे दिसते. ती एकाच बाजूला असली किंवा एकमेकींत गुंतली असली, तर शोभा जाते. फांदी चुकली तर छाटून पुन्हा वाढवता येते. पण वीस-तीस वर्षे जोपासलेल्या खोडाची मुळेच वाईट असली तर?

जपानमध्ये मेपलसारख्या झाडांवर यासाठी जो उपाय करतात, तो वरकरणी झाडाचा जीव घेणारा वाटतो. मातीलगत खोडाची साल कड्यासारखी पूर्ण सोलायची आणि तो भाग ओलसर मातीने झाकायचा. कड्याची रुंदी साधारण खोडाच्या व्यासाइतकी किंवा थोडी जास्त ठेवतात. काही महिन्यांत कड्याच्या वरच्या काठाला खोडाभोवती नवी मुळे फुटतात. ती बळकट झाली की त्यांच्या खालचा जुन्या मुळांचा भाग करवतीने कापून टाकतात. आपल्याकडे डाळिंबाची गुटी कलमे बांधतात, ती याच तत्त्वावर. तिथे फांदीपासून नवे रोप मिळते; इथे तेच झाड नव्या पायावर उभे राहते.

साल काढूनही झाड वाळत का नाही? पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या आतल्या लाकडात असतात. त्यांना धक्का लागत नाही, म्हणून पाने टवटवीत राहतात. पानांत तयार झालेली साखर खाली नेणाऱ्या रसवाहिन्या मात्र सालीत असतात. त्या तुटल्या की साखर कड्याच्या वर अडते. शेंड्यांकडून खाली येणारे ऑक्झिन हे संप्रेरकही तिथेच साठते. अन्न आणि संप्रेरक एकत्र आल्यावर तिथल्या पेशी विभागू लागतात, आणि ओलावा व अंधार मिळाला तर त्यांतून आगंतुक मुळे निघतात. कड्याच्या वरचा भाग फुगतो, हे मालपिघी या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच पाहिले होते. ऑक्झिनची ओळख पटायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

साल आणि लाकूड यांच्यामध्ये कँबियम नावाचा पातळ, बुळबुळीत थर असतो. तो खरवडून काढणे फार महत्त्वाचे. त्याची बारीक पट्टी जरी राहिली, तरी तिच्यातून नवी साल तयार होते, कड्यावर पूल बांधला जातो, साखर पुन्हा खाली वाहू लागते आणि मुळे फुटत नाहीत. उलट चाकू लाकडात खोल गेला, तर पाणीच तुटते.

इथे खरी शर्यत सुरू होते. जुनी मुळे आता उपाशी आहेत. साठवलेल्या स्टार्चवर ती दिवस काढतात आणि तरीही सगळ्या झाडाला पाणी पुरवतात. तो साठा संपण्याआधी नवी मुळे आली पाहिजेत. म्हणून अशक्त किंवा रोगट झाडावर हा प्रयोग करूच नये. जपानमध्ये वसंतातली पालवी जून झाल्यावर हे काम करतात. आपल्याकडे पावसाळ्याचा आरंभ उत्तम. वड-उंबराच्या कुळातली झाडे लवकर मुळे धरतात. पाइनसारख्या सावकाश मुळे धरणाऱ्या झाडांना कडे काढण्याऐवजी तांब्याची तार घट्ट आवळतात. खोड जाड होत जाते तशा रसवाहिन्या हळूहळू दाबल्या जातात आणि जुन्या मुळांना एकदम उपवास घडत नाही.

झाड वेगळे केल्यावर खाली सरळ जाणारी जाड मुळे छाटून, बुंध्याखाली सपाट फळी ठेवून लावतात. मुळे मग आडवी पसरतात.

शाळेच्या बागेत जास्वंदीच्या सारख्या जाडीच्या तीन फांद्या घ्या. पहिलीवर पूर्ण कडे काढा. दुसरीवर सालीची अर्धा सेंटिमीटर पट्टी राखा. तिसरीवर पूर्ण कडे काढून तिच्या वरची सगळी पाने खुडा आणि नवी येतील तीही खुडत राहा. तिन्हींना ओले मॉस व प्लॅस्टिक बांधून महिना-दीड महिन्याने उघडा. काय दिसेल, हे मुलांना आधीच लिहून ठेवायला सांगा. हाच प्रयोग नारळावर का करता येणार नाही, तेही विचारा. त्याच्या खोडात जलवाहिन्या आणि रसवाहिन्या जोडीने सर्वत्र विखुरलेल्या असतात. सोलून वेगळी करावी अशी साल तिथे नसतेच.