संगणकात हरवलेला लेख कसा शोधावा?

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळच्या डोंगरात कचारगड आहे. माघ पौर्णिमेला तेथे गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते. या यात्रेवर पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एखाद्या कार्यकर्त्याने लेख लिहिला व तो संगणकावर टाईप झाला, असे समजा. आज शोधाच्या चौकटीत ‘कचारगड’ लिहिले, तर बहुधा काहीच सापडत नाही. लेख गेला असे मानून आपण जुना संगणक भंगारात देतो. तसे करण्यापूर्वी पुढील गोष्टी अवश्य करून पाहाव्यात.

पहिले कारण फॉन्टचे. विदर्भात ‘कृतिदेव’ फॉन्टवर पुष्कळ टायपिंग झाले. या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते. आत मात्र इंग्रजी अक्षरे साठवलेली असतात. त्यात ‘कचारगड’ म्हणजे डी, पी, के, जे, एक्स व मोठा एम. आजच्या युनिकोड पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षराला स्वतंत्र क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५. म्हणून आजचा ‘कचारगड’ जुन्या ‘कचारगड’ला ओळखत नाही. उपाय सोपा आहे. वरील सहा इंग्रजी अक्षरे सलग टाईप करून शोधावे. ‘श्रीलिपी’सारख्या इतर फॉन्टची अक्षरयोजना वेगळी असते, तेथे त्याच फॉन्टमध्ये शब्द टाईप करून तो कॉपी करावा व शोधाच्या चौकटीत चिकटवावा.

दुसरे कारण स्कॅनचे. स्कॅन केलेले पान म्हणजे छायाचित्र. त्यात संगणकाच्या दृष्टीने अक्षरे नसतातच. चित्रातील मजकूर ओळखणारी, मराठी जाणणारी साधने आज उपलब्ध आहेत. त्यांतून पान काढले की शब्द शोधता येतो.

तिसरे कारण आपल्याच शब्दांचे. कोणी ‘कचारगड’ लिहितो, कोणी ‘कचारगढ’. शिवाय गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्यापूर्वीच्या कागदात ‘जिल्हा भंडारा’ असेच असणार. म्हणून त्या काळचे शब्द आठवून शोधावे.

एवढे करूनही न सापडल्यास शब्द सोडावा व फाइलचा प्रकार आणि तारीख धरावी. पेजमेकर ७ च्या फाइलच्या नावाअखेरीस टिंबानंतर पीएमडी ही इंग्रजी अक्षरे असतात. सर्व पीएमडी फाइली काढून बदलाच्या तारखेप्रमाणे लावाव्यात व यात्रेच्या आसपासच्या आधी पाहाव्यात. निर्मितीच्या तारखेवर विसंबू नये. विंडोजमध्ये फाइलची नक्कल केली की ती नव्याने पडते, बदलाची तारीख मात्र सहसा जुनीच राहते.

लेख सापडताच युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि फाइलला गाव, विषय व वर्ष असलेले नाव द्यावे. लिहिणारे आज आपल्यात नसतील. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले पुन्हा कोणाला लिहिता येणार नाही. तेवढे जपणे तरी आपल्या हाती आहे.