नव्या ट्रक ड्रायव्हरांनो, ही शिकवणी नीट पुरी करा



गळिताचा हंगाम जवळ आला की आपल्या कार्यक्षेत्रातल्या गावोगावी एक बोलणे हमखास कानावर येते : "औंदा थोरल्याला ट्रकवर बसवायचं म्हणतोय." घरची गाडी असते, डोक्यावर हप्ता असतो आणि ड्रायव्हर तर वेळेवर मिळत नाही. तेव्हा विचार काही चुकीचा नाही. पण स्टिअरिंग हातात येणे वेगळे आणि दहा-पंधरा टन ऊस सुखरूप काट्यावर आणणे वेगळे. या दोहोंच्या मधली जी रस्त्यावरची शिकवणी असते, तिच्यात नव्या माणसाच्या वाट्याला काय काय येते, ते या अंकात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आधी कागद, मग किल्ली

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याप्रमाणे मालवाहू गाडी चालवायला वयाची २० वर्षे पुरी लागतात. मोठ्या ट्रकचे शिकाऊ लायसन काढण्यापूर्वी हलक्या वाहनाचे पक्के लायसन निदान एक वर्ष जवळ असावे लागते. शिकाऊ लायसन सहा महिने चालते आणि ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मालवाहू गाडीचा शिक्षणक्रम ३० दिवसांचा असून त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे निदान १५ तास भरलेच पाहिजेत, असा १९८९ चा केंद्रीय नियम आहे. हे तास पदरात पाडून घ्या. पैसे भरून नुसती सही घेऊन येण्यात नुकसान आपलेच आहे.

शिकाऊ माणूस गाडीवर असला की पुढे-मागे 'एल'ची पाटी लावायची, आणि पक्क्या लायसनचा शिकवणारा शेजारी असा बसवायचा की वेळ पडल्यास त्याला गाडी थांबवता येईल. आता एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मालवाहू गाडीच्या विमा पॉलिसीत ड्रायव्हरविषयी कलम असते. शिकाऊ लायसनवाला गाडी चालवू शकतो, पण त्या वेळी गाडीतून मालाची वाहतूक चाललेली नसावी, अशी अट त्यात सामान्यतः असते. म्हणजे उसाने भरलेल्या गाडीवर शिकाऊ पोरगा बसला आणि दुर्दैवाने काही घडले, तर विमा कंपनी हात वर करील आणि भरपाईचा बोजा गाडीमालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊन पोचेल. म्हणून आमचे सांगणे असे, की शिकाऊ लायसनवर मोकळी गाडी आणि पक्के लायसन हाती आल्यावर उस्तादाशेजारी बसून भरलेली गाडी.

मोकळ्या गाडीवरचे दिवस

सुरुवातीचे दिवस कंटाळवाणे जातात. उस्ताद स्टिअरिंग लवकर देत नाही, गाडीभोवती फिरायला लावतो. टॉमीने टायर ठोकून आवाज ऐकायचा, पाट्यांचे पान तुटले का पाहायचे, ऑइल-पाणी बघायचे, हवेच्या टाकीतले पाणी सोडायचे. गाडी सुरू केल्यावर हवेचा काटा खुणेवर आल्याशिवाय जागचे हलायचे नाही. एअर ब्रेकची सगळी ताकद त्या हवेत आहे. पोरांना हे क्लीनरचे काम वाटते. पण चार चाकांखाली वाकून पाहिलेला माणूसच पुढे गाडीचा वेगळा आवाज ओळखतो.

त्यानंतर रिव्हर्स. पुढे कोणीही जातो राव, ड्रायव्हरची खरी परीक्षा मागे जाण्यात! आरशात बघायचे, क्लीनरची हाळी ऐकायची, आणि क्लीनर दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी उभी करायची. उसाच्या फडाभोवती तोडणी टोळीची लहान लेकरे खेळत असतात, वाढ्याच्या ढिगाआड कोणी निजलेलेही असते. तेव्हा मागे घेण्याअगोदर खाली उतरून स्वतःच्या डोळ्यांनी बघावे. यात कमीपणा नाही.

भरलेली गाडी वेगळीच

मोकळ्या गाडीवर हात बसला की वाटते, झाले, आपण ड्रायव्हर झालो. पहिल्याच भरलेल्या खेपेला हा समज उतरतो. वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला लागणारे अंतर चौपट होते, आणि ऊस उंच रचलेला असल्याने वळणावर गाडी कलते. म्हणून वळणात शिरण्याआधी वेग कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये.

फडातून निघतानाच पहिली अडचण येते. काळ्या रानात ओल असली की चाक रुतते; तिथे रेस देऊन उपयोग नसतो, चाक आणखी खोल जाते. पाटाच्या कडेचा भराव वरून टणक दिसला तरी आतून पोकळ असू शकतो. वर विजेच्या तारा लोंबत असतात. भरल्या गाडीवर क्लीनरला उभे करून काठीने तार उचलायला लावण्याची जी रीत आहे, ती जीवघेणी आहे. ती शिकू नका, उस्तादाने सांगितले तरी शिकू नका.

घाटात चढताना जो गिअर, तोच उतरताना. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणे म्हणजे मरणाला बोलावणे. उतारावर इंजिनाने गाडी धरायची असते. नुसता ब्रेक दाबत राहिले तर लायनर तापतात आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही.

जादा भराच्या मोहाबद्दलही सांगितले पाहिजे. कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा झाला. टनावर भाडे मिळते म्हणून दोन टन जास्त रचायचे आणि एका दंडात अनेक खेपांची कमाई घालवायची, हा कुठला हिशेब?

रात्र, झोप आणि यार्डातला नंबर

तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गव्हाणीत पडावा, नाहीतर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. त्यामुळे घाई असतेच. यार्डात मात्र नंबर लागेपर्यंत कधी कधी रात्र जाते. नवा पोरगा ही रात्र गप्पांत आणि मोबाईलवर काढतो आणि पहाटे डुलक्या घेत मोकळी गाडी पिटाळतो. यार्डातली वेळ ही झोपेची वेळ, हे पहिल्या आठवड्यातच अंगी लावून घ्यावे. मोटार कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्यात रोजचे काम ८ तासांचे धरले होते, आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. कायदा करणाऱ्यांनी ते उगीच लिहिलेले नव्हते.

रात्री पंक्चर झाली तर गाडी कडेला घ्या, इंडिकेटर लावा, त्रिकोण ठेवा. चाकाला आणि मागे लावलेले दगड निघताना आठवणीने उचला. तो दगड मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही, आणि तो बहुधा आपल्याच गावचा असतो. टेपचा आवाज इतकाच ठेवा की मागचा हॉर्न ऐकू यावा. मागच्या बाजूचे रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांनी झाकले जाणार नाहीत हे पाहा.

सभासदांनी काय करावे

ही शिकवणी एकट्या ड्रायव्हरची नाही. तोड येण्यापूर्वी फडाकडच्या वाटेवरच्या बाभळी छाटाव्यात, खड्डे मुरुमाने भरावेत, तारा खाली आल्या असतील तर महावितरणच्या कार्यालयात आधीच अर्ज द्यावा. गाडीमालकांनी उस्तादाला शिकवण्याचा मोबदला ठरवून द्यावा. फुकटच्या शिकवणीत क्लीनर राबतो, शिकत नाही. आणि घरच्यांनी "किती खेपा झाल्या?" हे विचारण्याआधी "झोपलास का?" हे विचारावे.

ऊस आज नाही तर उद्या गाळला जाईल. पोरगा मात्र रोज घरी आला पाहिजे. नव्या हंगामात स्टिअरिंगवर बसणाऱ्या सर्व तरुणांना आमच्या मनापासून शुभेच्छा.