एका पाटीवरची लढाई

फायटिंग गेम खेळणारी दोन मुलं एकत्र आली की पाच मिनिटांत एक वाद सुरू होतो : 'टेकन' भारी की 'स्ट्रीट फायटर'? वरवर पाहता हा दोन गेममधला वाद, पण मुळात तो टूडी आणि थ्रीडी यांच्यातला आहे. आमच्या हजीऱ्याच्या घरात तर तो रोजचाच. पंधरा वर्षांचा मुलगा टेकनवाला, अकरा वर्षांची मुलगी स्ट्रीट फायटरवाली आणि मी उघडपणे मुलीच्या पक्षात. 'बाबा जुन्या जमान्यातले, म्हणून त्यांना जुनं आवडतं,' असं चिरंजीवांचं मत. पण नुसतं जुनं म्हणून काही आवडावं असा माझा स्वभाव नाही. माझी कारणं वेगळी आहेत आणि ती मंडळाच्या तरुण वाचकांपुढे एकदा नीट मांडावीत म्हणून हा लेख.

टूडी म्हणजे नक्की काय?

बरेच जण हे चित्रावरून ठरवतात. हाताने काढल्यासारखं सपाट चित्र दिसलं की टूडी, आणि खऱ्या माणसासारखी गोलाई दिसली की थ्रीडी. तसं नाही. २०२३ मध्ये आलेल्या 'स्ट्रीट फायटर ६' मधली पात्रं चांगली गोलाईदार, थ्रीडी आहेत, तरी तो गेम खेळायला टूडीच आहे. उलट २०१४ च्या 'गिल्टी गिअर एक्सआरडी' मध्ये थ्रीडी पात्रं अशी हलवली आहेत की बघणाऱ्याला ती हाताने काढलेलीच वाटावीत.

खरा फरक आहे तो चालण्याचा. टूडी गेममध्ये दोन लढवय्ये एकाच रेघेवर समोरासमोर उभे असतात. पुढे जा, मागे या, उडी मारा, खाली बसा. बस, एवढंच. थ्रीडीमध्ये याशिवाय बाजूला सरकता येतं. समोरच्याचा ठोसा आला की टुणकन एका अंगाला व्हायचं आणि त्याच्या कुशीत मारायचं.

इतिहास थोडक्यात सांगतो. कॅपकॉम कंपनीचा पहिला 'स्ट्रीट फायटर' १९८७ चा. पण जगाला वेड लावलं ते १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' ने. त्यात निवडायला आठ लढवय्ये आणि खेळायला सहा बटणं होती, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. त्या आठांत आपला भारतीय धालसिमही होता, हातपाय रबरासारखे लांब करणारा आणि तोंडातून आग ओकणारा! १९९३ मध्ये सेगाच्या यू सुझुकी यांनी 'व्हर्चुआ फायटर' काढला आणि थ्रीडी फायटिंगला सुरुवात झाली. १९९४ मध्ये नामकोचा 'टेकन' आला. १९९७ च्या 'टेकन ३' मध्ये तर सगळ्याच पात्रांना झटकन बाजूला सरकता येऊ लागलं आणि दोन वाटा खऱ्या अर्थाने वेगळ्या झाल्या.

त्या काळात आम्ही जळगावात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये पडीक असायचो. पिवळ्या टोपीच्या 'मुस्तफा'चा गेम तुमच्या बाबांना विचारा, त्यांचे डोळे चमकतील. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण ते कुणाला ठाऊक होतं? शेजारच्या मशीनवर 'किंग ऑफ फायटर्स ९७' असायचा. तिथला कायदा सोपा : जिंकला तो बसला, हरला तो उठला आणि पुढचा नंबर. हरल्यावर मागे उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघायचा आणि आपण का हरलो ते शोधायचं.

आट्यापाट्या आठवा

'पण बाबा, बाजूलाच सरकता येत नाही तर मजा काय?' हा मुलाचा नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर आपल्याच मातीतल्या एका खेळात आहे.

आट्यापाट्या बघितल्यात का कधी? मैदानात आडव्या पाट्या आखलेल्या असतात. प्रत्येक पाटीवर एक जण पहारा करतो आणि त्याला फक्त आपल्या पाटीवरूनच, डावीकडे किंवा उजवीकडे, पळता येतं. पाटी सोडून पुढे यायचं नाही, मागे जायचं नाही. ओलांडणारा समोर उभा राहून हुलकावणी देतो. डावीकडे झुकतो, पहारेकरी तिकडे गेला की हा उजवीकडून पसार. पहारेकऱ्याला सगळं मैदान मोकळं दिलं असतं, तर तो नुसता पाठलाग झाला असता. त्याला एका पाटीला बांधलं म्हणून हुलकावणी आली आणि डोकं आलं.

खो-खोचंही तेच. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की उलट फिरता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही. खेळाची सगळी गंमत त्या बंधनात आहे. टूडी फायटिंग गेमही असाच एका पाटीवर चालतो. बाजूला पळून सुटका नाही, त्यामुळे समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखण्यावाचून गत्यंतर नाही.

हरलो, पण का हरलो?

आता मुख्य मुद्दा. हरण्याचं कारण स्वच्छ दिसणं, हा मला टूडीचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

'स्ट्रीट फायटर' मधला र्यू घ्या. तो लांबून 'हाडोकेन' म्हणजे ऊर्जेचा गोळा फेकतो. तुम्ही तो अडवू शकता किंवा त्यावरून उडी मारू शकता. पण एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही, ठरलेल्या जागीच उतरावं लागतं. र्यू खाली वाट बघत असेल, तर 'शोर्युकेन' हा वर जाणारा ठोसा तुमच्या हनुवटीवर बसलाच म्हणून समजा. म्हणजे गोळा हे आमिष होतं आणि तुम्ही उडी मारावी हीच त्याची इच्छा होती. पुढच्या वेळी तुम्ही उडी मारत नाही, चालत पुढे येता. मग त्याला वेगळा विचार करावा लागतो.

जवळ आल्यावर दगड-कागद-कात्रीसारखा हिशेब सुरू होतो. मार आला तर अडवा. नुसतं अडवत बसलात तर समोरचा धरून आपटेल. तो धरायला येतोय हे ओळखलंत तर आधीच मारा. आणि हे सगळं पापणी लवायच्या आत. हे गेम सेकंदाला ६० चित्रं या वेगाने चालतात. डोळ्यांनी पाहून बोटाने बटण दाबेपर्यंत माणसाचा साधारण पाव सेकंद जातो, म्हणजे जवळजवळ पंधरा चित्रं निघून जातात. त्यामुळे नुसत्या चपळाईवर भागत नाही, आधीच अंदाज बांधावा लागतो.

आमच्या घरात याचा पडताळा आला. मुलगी दादाशी टेकन खेळायची आणि सारखी हरायची. काय झालं विचारलं तर म्हणायची, 'माहीत नाही, मी मारलं पण तो तिथे नव्हताच.' तीन आठवड्यांत तिने कंट्रोलरला हात लावणं सोडलं. दादा खेळायला बसला की ही पुस्तक घेऊन आतल्या खोलीत. मला त्याचं वाईट वाटत होतं. माझी शिफ्ट ड्यूटी, त्यामुळे सगळे एकत्र घरात अशा संध्याकाळी मोजक्याच. त्यातही एक जण आतल्या खोलीत!

मग मी 'स्ट्रीट फायटर' लावला. पहिल्या दिवशी ती हरलीच, पण हरल्यावर म्हणाली, 'बाबा, मी घाईने उडी मारते, म्हणून दादा मला खाली पकडतो.' हे तिचं तिने शोधलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती उडी मारेना आणि दादा गोंधळला. आता ती दहातले तीन-चार सामने जिंकते. आकडा लहान आहे, पण कंट्रोलरसाठी पुन्हा भांडणं होतात याचा आम्हा आई-बाबांना आनंद आहे.

बघणाऱ्यांचाही खेळ

आपल्या मंडळात जळगाव-धुळ्याची मंडळी जास्त, पण कुडाळकडची कुटुंबंही आहेत. त्यांना पिंगुळी गाव सांगायला नको. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांची कला जपली आहे. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पांढरा पडदा, मागे दिवा आणि पडद्यावर आडव्या बाजूने दिसणाऱ्या सपाट आकृत्या. राम एका बाजूला, रावण दुसऱ्या बाजूला. कोण कुणावर चालून येतंय हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं. पडदा सपाट आहे म्हणून लढाईचा रंग कमी होत नाही.

टूडी गेम बघताना मला तोच पडदा आठवतो. आमची आई गेम खेळत नाही, पण सोफ्यावर बसून 'अगं मागे हो, तो येतोय!' असं नातीला ओरडून सांगते. टेकन चालू असला की ती जपमाळ घेते. दोष टेकनचा नाही, पण कॅमेरा फिरत राहिला की नवख्या डोळ्याला कोण कुठे उभं आहे हेच समजेनासं होतं.

जगभर सगळ्यात जास्त पाहिला गेलेला फायटिंग गेमचा क्षणही टूडीचाच असावा. २००४, कॅलिफोर्नियातली 'एव्हो' स्पर्धा, गेम 'स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक'. जपानचा डायगो उमेहारा केनला घेऊन खेळत होता, अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन-लीला घेऊन. केनची शक्ती संपत आलेली. वाँगने चुन-लीचा पंधरा लाथांचा हुकमी डाव टाकला. नुसतं अडवलं असतं तरी केन संपला असता. एकच मार्ग होता : प्रत्येक लाथ लागण्याच्या नेमक्या क्षणी मागे न जाता पुढचं बटण दाबायचं, म्हणजे मार फुकट जातो. डायगोने पंधराच्या पंधरा लाथा अशा परतवल्या आणि उलटा वार करून सामना जिंकला. त्या व्हिडिओत प्रेक्षकांचा आवाज ऐका. सगळी लढाई एकाच रेघेवर समोर दिसते आहे, म्हणून सगळे एकाच क्षणी उठून उभे राहिले आहेत.

गणेशोत्सवात गेमची स्पर्धा ठेवायची असेल, तर हा विचार करायला हवा असं मी आमच्या कार्यकर्त्यांना सांगितलं. खेळणारे सोळा असतील, पण खुर्च्यांवर बसून बघणारे दीडशे. त्यांत आज्या आहेत, लहान पोरं आहेत. पडद्यावर काय चाललंय ते त्यांनाही कळायला हवं ना?

टेकनवाल्यांचं म्हणणं

एकतर्फी लिहिलं तर मुलगा मला सोडणार नाही, म्हणून त्याची बाजूही सांगतो. बाजूला सरकणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. कोणत्या वाराला डावीकडे जायचं आणि कोणत्याला उजवीकडे, हे पाठ असावं लागतं. पाठ भिंतीला लागली तर काय, याचा हिशेब वेगळा. एकेका पात्राचे शंभराहून अधिक डाव असतात. कुस्तीच्या हौद्यात पैलवान एकमेकांभोवती फिरतात, तशी ही लढत. लाहोरच्या अर्सलान ॲशने २०१९ मध्ये एव्हो जपान आणि लास व्हेगासची एव्हो अशा दोन्ही स्पर्धा टेकनमध्ये जिंकल्या, तेव्हा जगाला कळलं की हा खेळ आपल्या शेजारच्या गल्ल्यांमध्ये किती मुरला आहे.

हे सगळं मान्य. पण शंभर डाव पाठ करायला लागणारा वेळ ज्याच्याकडे आहे त्याचा तो खेळ. शाळा, क्लास, शिफ्ट आणि स्वयंपाक यांतून अर्धा तास काढणाऱ्या घरासाठी आठ-दहा डाव आणि एक रेघ पुष्कळ आहे.

आई-बाबांसाठी दोन शब्द

'मारामारीचे गेम' म्हणून सरसकट नाक मुरडू नका. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ईस्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांमधला खेळ म्हणून मान्यता दिली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर ५' साठी पदकं होती आणि भारतातर्फे मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते. सुवर्णपदक मिळवलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी, वय वर्षं ४४! हा फक्त पोरांचा खेळ नाही, हे त्यावरून समजावं.

मात्र वयाची खूण जरूर पाहा. 'मॉर्टल कॉम्बॅट' हाही एका रेघेवरचाच गेम, पण त्यातला रक्तपात लहान मुलांसाठी नाही. १९९२ मध्ये तो आला तेव्हा अमेरिकेत एवढा गदारोळ झाला की १९९४ मध्ये गेमवर वयाची खूण छापणारी संस्था उभी राहिली. टूडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एकच पात्र निवडावं आणि महिनाभर बदलू नये. 'स्ट्रीट फायटर ६' मध्ये 'मॉडर्न' नावाची सोपी बटणपद्धत आहे, लहानांनी आणि आई-बाबांनी खुशाल ती घ्यावी. पहिल्या आठवड्यात उड्या कमी मारा, समोरच्याच्या उड्या मोजा. आणि प्रत्येक सामना संपला की हरलेल्याने एका वाक्यात सांगायचं, आपण का हरलो. ते वाक्य सांगता येऊ लागलं की जिंकायला फार दिवस लागत नाहीत.