कोणाचो रे तू?

कोकणातल्या आचरा गावच्या तिठ्यावर अनोळखी पोरगा एसटीतून उतरला की त्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कोणाचो रे तू?’ नाव सांगून भागत नाही, आडनाव सांगूनही भागत नाही. पिरावाडीचा की पारवाडीचा, कुणाचा नातू, कुणाचा भाचा हे कळल्यावरच बोलणं पुढे सरकतं. रमाकांत आचरेकरांनी शिवाजी पार्कवर सचिन तेंडुलकरला घडवलं आणि हे आडनाव देशभर पोचलं. पण ‘आचरेकर’ ही ओळख मुंबईत जेवढी उपयोगी, तेवढी आचऱ्यात नाही. इथे सगळेच आचऱ्याचे. माणूस कुठे उभा आहे, त्यावर त्याने कोणती ओळख सांगायची हे ठरतं.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या रोजच्या वापरातलं गिट हाच प्रश्न विचारतं. नव्या लॅपटॉपवर पहिल्यांदा केलेलं काम नोंदवायला जावं, तर गिट अडून बसतं आणि ‘तुम्ही कोण ते कृपया सांगा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दाखवतं. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट लिहायला घेतलं. कोडमधला प्रत्येक बदल कुणी, कधी आणि कशासाठी केला याची वही म्हणजे गिट. तिच्यातल्या एकेका नोंदीला कमिट म्हणतात. नाव आणि ईमेल अशा दोन ओळी दिल्या की गिटचं समाधान होतं, आणि बहुतेक जण तो प्रश्न तिथेच विसरतात. पंचाईत होते ती एकाच माणसाला दोन ओळखी सांभाळायची वेळ आल्यावर.

ती वेळ आता गावागावांत येते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि कितीतरी चाकरमानी लॅपटॉपसकट कोकणातल्या घरी आले. त्यातले काही तिथेच राहिले. समजा, आचऱ्यातल्या एका घराच्या पडवीत बसून एक मुलगी पुण्याच्या कंपनीचं काम करते आहे. लॅपटॉप एकच, आणि कोड लिहायचा एडिटरही एकच, व्हिज्युअल स्टुडिओ कोड. दिवसभर कंपनीचं काम. रात्री जेवणं आटोपली की मामाच्या आंबाबागेच्या हिशेबासाठी एक छोटं अ‍ॅप. सवड मिळाली तर रविवारी एखाद्या मुक्त देवनागरी फॉन्टच्या चुका दुरुस्त करायच्या. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर तिची दोन खाती आहेत, एक कंपनीने दिलेलं आणि एक स्वतःचं. एका सोमवारी तिच्या लक्षात येतं की कंपनीच्या कोडमध्ये आठवडाभराच्या कमिटवर तिचा घरचा ईमेल पडला आहे. ती एडिटरच्या डाव्या कोपऱ्यातल्या माणसाच्या चिन्हावर जाते, एका खात्यातून बाहेर पडते, दुसऱ्यात शिरते. पुढचं कमिट करते. त्यावरही घरचाच ईमेल!

इथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण ‘खातं’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

त्या समजायला आंब्याची पेटी बरी. मे महिन्यात देवगड-मालवणच्या बागांमधून पेट्या वाशीच्या मार्केटला जातात. पेटीवर बागायतदाराचं नाव असतं. ती ज्या टेम्पोतून जाते तो टेम्पो बहुतेक वेळा दुसऱ्याचाच असतो, आणि एकाच टेम्पोत दहा बागायतदारांच्या पेट्या असतात. पेटीवरचं नाव बघून टेम्पोला कुणी आत सोडत नाही आणि टेम्पोचा नंबर बघून आंबा कुणाचा हे कुणी ठरवत नाही. कमिटवरचं नाव आणि ईमेल म्हणजे पेटीवरचं नाव. ते कमिट गिटहबवर नेऊन पोचवणारी किल्ली किंवा टोकन म्हणजे टेम्पोचा परवाना. एडिटरच्या कोपऱ्यात दिसणारं खातं या दोन्हींहून वेगळं. सेटिंग एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणं, कोपायलटसारखे मदतनीस चालवणं, ही त्याची कामं. पेटीवर काय लिहायचं हे ते ठरवत नाही. पडवीतल्या त्या मुलीने कोपऱ्यातलं खातं शंभरदा बदललं असतं, तरी कमिटवरचा पत्ता हलला नसता.

मग तो हलवायचा कसा? दर वेळी हाताने बदलणं हा उपाय टिकत नाही. शुक्रवारी संध्याकाळी घाईत असलेला माणूस तो विसरणारच. गिटमध्ये २०१७ साली, २.१३ या आवृत्तीत, याचं नेमकं उत्तर आलं. त्याचं नाव इन्क्लूड-इफ, म्हणजे ‘अमुक असेल तर तमुक फाइल वाच’. लॅपटॉपवर दोन फोल्डर करायचे, एक ‘कंपनी’ आणि एक ‘घर’. गिटच्या मुख्य सेटिंगमध्ये घरचं नाव-ईमेल ठेवायचं आणि त्याच्या खाली लिहायचं, की प्रकल्प ‘कंपनी’ फोल्डरच्या आत असेल तर एक दुसरी फाइल वाच. त्या दुसऱ्या फाइलमध्ये कंपनीचा ईमेल. झालं. ओळख आता माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून नाही, ती जागेला बांधली गेली. वेशीच्या आत एक नाव, बाहेर दुसरं. आचऱ्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

यात दोन बारीक खड्डे आहेत आणि त्यात पडलेले पुष्कळ आहेत. फोल्डरच्या पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ द्यायला विसरलं तर आतले प्रकल्प त्या नियमात बसत नाहीत, आणि गिट चूक झाल्याचं सांगतही नाही. दुसरं म्हणजे क्रम. गिट फाइल वरून खाली वाचतं आणि शेवटी वाचलेलं खरं धरतं. त्यामुळे घरचं नाव त्या अटीच्या खाली लिहिलं गेलं, तर कंपनीच्या फोल्डरमध्येही तेच उमटतं. शंका आली की ‘शो-ओरिजिन’ जोडून ईमेल विचारावा, म्हणजे तो कोणत्या फाइलमधून आला हेही कळतं. त्याहून कडक बंदोबस्त हवा असेल तर ‘यूज-कॉन्फिग-ओन्ली’ चालू करून मुख्य सेटिंगमधला ईमेल काढूनच टाकावा. मग दोन्ही फोल्डरना आपापली फाइल द्यायची. दोन्हींच्या बाहेर गिट अंदाजाने नाव लावत नाही, पुन्हा विचारतं, तू कोण?

एडिटरमध्ये वेगळं काही करावं लागत नाही, कारण तो आतून याच गिटला हाक मारतो.

आता टेम्पो. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी पासवर्ड घेणं बंद केलं. तेव्हापासून टोकन तरी लागतं नाहीतर एसएसएच किल्ली. एक किल्ली एकाच खात्याला जोडता येते. दुसऱ्या खात्याला तीच द्यायला गेलं तर ‘आधीच वापरात आहे’ असं उत्तर येतं. म्हणजे खाती दोन तर किल्ल्याही दोन. आणि गिटहब माणसाला ओळखतं ते किल्लीवरून. लॅपटॉपने चुकून घरची किल्ली पुढे केली तर कंपनीचा खासगी प्रकल्प ‘सापडत नाही’ असं सांगितलं जातं. परवानगी नाही, असं म्हणत नाहीत. दाराआड काही आहे हेसुद्धा परक्याला कळू नये म्हणून ही काळजी, पण नवा माणूस अर्धा दिवस पत्ता तपासत बसतो. यावर उपाय म्हणजे एसएसएचच्या सेटिंगमध्ये गिटहबची दोन टोपणनावं ठेवणं, एकासाठी ही किल्ली आणि दुसऱ्यासाठी ती, आणि ‘याच किल्ल्या दाखव, बाकीच्या नको’ अशी तंबी. टोकन वापरणाऱ्यांनी प्रकल्पाच्या पत्त्यातच आपलं वापरकर्तानाव घालावं, म्हणजे विंडोज एकाचं टोकन दुसऱ्याला देत नाही.

दोन खाती खरंच लागतात का, हेही विचारायला हवं. गिटहबच्या नियमांनुसार एका माणसाला एकच फुकट खातं ठेवता येतं, आणि त्या एका खात्याला कितीही ईमेल जोडता येतात. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. पण काही मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याला स्वतःच्या ताब्यातलं खातं देतात, आणि त्या खात्यातून बाहेरच्या सार्वजनिक प्रकल्पाला हातच लावता येत नाही. तिथे दुसऱ्या खात्याला पर्याय नाही. सार्वजनिक कामात घरचा ईमेल उघडा पडू नये म्हणून गिटहब एक ‘नो-रिप्लाय’ पत्ता देतं. तो प्रत्येकाने वापरावा, विशेषतः मुलींनी. एकदा सार्वजनिक झालेला पत्ता परत घेता येत नाही.

एडिटरने स्वतःही काही सोयी केल्या आहेत. २०२३ च्या सुरुवातीपासून त्यात प्रोफाइल आहेत. कंपनीसाठी वेगळी सेटिंग आणि वेगळी एक्स्टेन्शन, घरासाठी वेगळी, आणि फोल्डर उघडला की त्याचं प्रोफाइल आपोआप येतं. मात्र प्रोफाइल बदलल्याने साइन-इन केलेली खाती बदलत नाहीत. सगळ्यात साधी युक्ती रंगाची. कंपनीच्या फोल्डरला निळी पट्टी, घरच्याला हिरवी. रात्री अकरा वाजता थकलेले डोळे अक्षरांपेक्षा रंग लवकर ओळखतात.

पेटीवर कुणाचंही नाव लिहिता येतं, हे कोकणात नव्याने सांगायला नको. देवगड हापूसच्या नावाने भलताच आंबा विकला जातो, म्हणून तिथल्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर लावायचं, खास क्रमांकाचं स्टिकर आणलं. गिटमध्येही नाव-ईमेलच्या जागी कुणीही काहीही लिहू शकतो, कुणी तपासत नाही. त्यावरचं स्टिकर म्हणजे कमिटची डिजिटल सही. २०२१ च्या शेवटी आलेल्या २.३४ आवृत्तीपासून ती नेहमीच्या एसएसएच किल्लीनेही करता येते. दोन फोल्डरच्या दोन फाइलींमध्ये दोन किल्ल्या लिहून ठेवल्या की सहीसुद्धा जागेप्रमाणे बदलते.

आणि आठवडाभराची ती चूक? शेवटचं एखादंच कमिट असेल आणि ते अजून पाठवलेलं नसेल, तर नाव बदलून ते पुन्हा लिहिता येतं. पाठवलेलं काम मात्र उकरू नये. कमिटची खूण त्याच्या मजकुरावरून, नावावरून आणि आधीच्या कमिटवरून काढलेली असते. एकाचं नाव बदललं की त्याच्या पुढच्या सगळ्यांच्या खुणा बदलतात आणि बरोबर काम करणाऱ्यांचा गोंधळ उडतो. त्यापेक्षा प्रकल्पात ‘मेलमॅप’ नावाची फाइल ठेवावी. हा ईमेल आणि तो ईमेल एकाच माणसाचे, एवढंच तिच्यात लिहायचं. लिनक्सच्या कोडमध्ये अशी फाइल आहे आणि तिच्यात शेकडो ओळी आहेत. माणसं नोकऱ्या बदलत गेली, पत्ते बदलत गेले, वही मात्र कुणी फाडली नाही.

दर काही वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल मिळाला की आचऱ्याची गावपळण होते. तीन दिवस, तीन रात्री सगळं गाव गुराढोरांसह, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर राहुट्यांमध्ये जातं. आता त्या सामानात एखादा लॅपटॉपही असणार. लॅपटॉप वेशीच्या अलीकडे की पलीकडे, याच्याशी गिटला देणंघेणं नाही, ते फक्त फोल्डर बघतं. रेंज नसली तरी कमिट होतं, कारण सगळी वही लॅपटॉपवरच असते. तिसऱ्या दिवशी कुणी उंचवट्यावर जाऊन मोबाइलच्या नेटवरून काम पाठवलं, तर पुण्यात दिसणाऱ्या नोंदीवर ईमेल कंपनीचा असतो, आणि वेळ राहुटीत बसून काम केलं तेव्हाची.