किलोमीटर तुमचे, फायदा कुणाचा?

सकाळी सहाला डायमंड गार्डनपाशी चक्कर मारा. अर्धं चेंबूर धावतंय असं वाटेल. आधी घड्याळावर किलोमीटर, मग स्ट्राव्हावर पोस्ट, मग इन्स्टावर स्टोरी. वन्यजीवांसाठी धावायचं चॅलेंज असेल तर पोस्टरवर वाघ आणि गळ्यात मेडलही. मस्तच. पण तुम्ही पाच किलोमीटर धावलात, त्यातून त्या वाघाला नेमकं काय मिळालं?

धावून पैसे उभे राहतात, यात शंका नाही. केनियातल्या लेवा अभयारण्यात 2000 पासून मॅरेथॉन होते. गेंडे आणि सिंह राहतात तिथूनच लोक धावतात. वर हेलिकॉप्टर, खाली बंदूकधारी रेंजर! लंडन मॅरेथॉनमध्ये ‘सेव्ह द ऱ्हायनो’साठी धावणारे काहीजण गेंड्याचा अवजड पोशाख चढवून 42 किलोमीटर पूर्ण करतात. आपल्या मुंबई मॅरेथॉनमध्येही धावपटू एखादी सामाजिक संस्था निवडून तिच्यासाठी निधी जमवतात.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. नोंदणी फी वेगळी, देणगी वेगळी. फी टी-शर्ट, मेडल, पाणी आणि टायमिंग चिपमध्येच संपू शकते. संस्थेच्या हाती पडतात ते, तुम्ही धावताय म्हणून तुमच्या माणसांनी दिलेले पैसे. त्यामुळे खरी दमछाक धावण्यात नाही, मागण्यात आहे. मामाला, शेजारच्या काकूंना, क्लासच्या सरांना ‘द्याल का?’ विचारायला जिगर लागते.

आणि मागायचं कुणासाठी? त्यासाठी केनियाला जायची गरज नाही. माहुलची खाडी आपल्या घराशेजारी आहे. माहुल-शिवडीच्या चिखलात हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत फ्लेमिंगो उतरतात. त्यातला छोटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, आययूसीएनच्या यादीत धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. पलीकडच्या ठाणे खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तरी मे 2024 मध्ये शेजारच्या घाटकोपरला विमानाच्या धडकेत तीसहून जास्त फ्लेमिंगो गेले. दर्जा मिळाला म्हणजे पक्षी सुरक्षित झाले, असं होत नाही.

गंमत बघा, 2022 मध्येच बीएनएचएसच्या शास्त्रज्ञांनी इथल्या सहा फ्लेमिंगोंना जीपीएस टॅग लावले. तुमच्या मनगटावर आहे तेच तंत्रज्ञान! फरक एवढाच, की त्यांच्या किलोमीटरवरून ते कुठे जातात, कुठे थांबतात आणि कोणती जागा वाचवायला हवी हे कळतं. असल्या कामाला पैसा लागतो, तोही वर्षानुवर्षं.

आता हिशेब करू. रोज 5 किलोमीटर, 21 दिवस, म्हणजे 105 किलोमीटर. वीस जणांनी किलोमीटरमागे एक रुपया दिला तर 2,100 रुपये. वर्गातल्या दहा जणांनी हेच केलं तर 21,000. पॉकेटमनीला हात न लावता! धावायला जमत नसेल तर चाला, सायकल चालवा. रुपया तोच राहतो.

फक्त नाव नोंदवण्याआधी आयोजकांना तीन प्रश्न विचारा. पैसे कोणत्या संस्थेला जाणार? फीमधले किती जाणार? जमलेली रक्कम आणि खर्च नंतर कुठे बघायला मिळेल? देणगीची पावती संस्थेच्या नावानेच घ्या. ‘चांगल्या कामासाठी आहे’ एवढंच उत्तर मिळालं तर सरळ दुसरं चॅलेंज शोधा, किंवा मित्रांना घेऊन स्वतःच सुरू करा आणि पैसे थेट संस्थेला पाठवा.

मेडल कपाटात धूळ खाईल. मामाला मात्र पुढच्या हिवाळ्यात आठवेल, की भाचरू कुठल्याशा गुलाबी पक्ष्यांसाठी पैसे मागत होतं. तेव्हा तो स्वतःहूनच विचारेल, ‘काय रे, आले का तुझे पक्षी?’ त्याला उत्तर देता यावं म्हणून तरी एकदा खाडीवर जाऊन या.