सुपरवायझरला सांगायचं कसं?

मैत्रिणींनो, पॅकिंगच्या कारखान्यात जाणाऱ्या कितीतरी जणी पोटुशी असूनही दिवसभर उभ्याने काम करतात. सुपरवायझरला बोलत नाहीत. काढून टाकतील ही धास्ती. पण बाळंतपणाच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस भरले असतील, तर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, आणि त्या रजेत कामावरून काढता येत नाही. साधारण आठव्या महिन्यात जड काम किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देऊ नये, असंही कायदा सांगतो. मात्र त्यात एक मेख आहे: बाईने तशी विनंती केली तरच! न बोलणारीला कोण विचारणार?

माल भरायच्या घाईत सुपरवायझरला गाठू नका. जेवणाच्या सुट्टीत सांगा, “साहेब, मला आठवा लागलाय. उभं राहून पाय सुजतात. बसून लेबलं लावायचं काम द्याल का?” नुसतं “जमत नाही” म्हटलं, की त्यांना तो कामचुकारपणा वाटतो. काय जमेल ते सांगितलं, की त्यांनाही सोय लावता येते.

एकटीला धीर होत नसेल, तर सोबतच्या बाईला घेऊन जा. तोंडी बोलणं झालं, की तोच मजकूर अर्जात लिहा. अर्जाच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.